जमीन-जागेच्या मध्यस्थीचा व्यवसाय : आरंभीच्या अडचणी आणि पाळावयाची पथ्ये

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त राणीसावरगाव येथे समाजातील तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कोणत्याही संस्थेने पन्नास वर्षे अखंड कार्य करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यामागे अनेकांचे नि:स्वार्थ श्रम असतात. त्या सर्वांना प्रथम वंदन करतो. या मंगल प्रसंगी तरुणांच्या उपजीविकेचा विषय विश्वस्तांनी व्याख्यानासाठी निवडला, याबद्दल त्यांचे मन:पूर्वक अभिनंदन करतो.

आपल्या समाजाची या भागातील उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारीवर चालली. किराणा, कापड, भुसार, अडत हे आपले परिचयाचे व्यवसाय. त्यांची स्थिती आज काय आहे, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. मुले शिकतात आणि पुणे, संभाजीनगर, हैदराबादची वाट धरतात. जी गावातच राहतात, त्यांतील काही अलीकडे प्लॉट आणि शेतजमिनींच्या व्यवहारात मध्यस्थी करू लागली आहेत. या व्यवसायात भांडवल लागत नाही, दुकान लागत नाही, मोटारसायकल आणि मोबाईल असला म्हणजे झाले, अशी एक समजूत पसरली आहे. ही समजूत किती अपुरी आहे आणि आरंभीच्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात कोणत्या अडचणी येतात, याचा विचार आज आपल्यासमोर मांडणार आहे.

पहिली अडचण : उत्पन्नाची अनिश्चितता

दुकानदाराच्या गल्ल्यात रोज संध्याकाळी काही ना काही पडते. मध्यस्थाचे तसे नसते. शेतजमिनीचा एक व्यवहार बोलणीपासून खरेदीखतापर्यंत पोहोचण्यास चार-सहा महिने सहज लागतात, आणि दहा बोलण्यांपैकी नऊ वाटेतच विरतात. उदाहरणादाखल हिशेब करू. दोन एकर जमीन, एकरी दहा लाख, म्हणजे वीस लाखांचा व्यवहार. दोन्ही बाजूंनी एक-एक टक्का दलाली ठरली तर चाळीस हजार रुपये. नवख्या माणसाचे पहिल्या वर्षात असे दोन व्यवहार जुळले तरी वर्षाचे ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला सात हजारही पडत नाहीत. त्यातून पेट्रोल, उताऱ्यांचा व झेरॉक्सचा खर्च, तालुक्याच्या चकरा वजा करा. उरते ते संसार चालविण्यास पुरेसे नाही.

यास्तव माझी पहिली विनंती अशी की, घरचे चालू दुकान बंद करून कोणीही या व्यवसायात उतरू नये. किमान दोन वर्षे हा जोडव्यवसाय समजावा. कारण ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता आहे, तो मध्यस्थ वाईट व्यवहारास 'नाही' म्हणू शकत नाही. आणि या व्यवसायात टिकून राहण्याचे सारे सामर्थ्य त्या एका 'नाही'मध्ये आहे. ही गोष्ट पुढील विवेचनात पुन:पुन्हा आपल्या ध्यानी येईल.

दुसरी अडचण : लोक जमीन विकावयाची आहे हे सांगत नाहीत

शहरात घर विकावयाचे असल्यास माणूस जाहिरात देतो. आपल्या भागात जमीन विकण्याची वेळ येणे हे मानहानीचे मानले जाते. राणीसावरगाव हे बाजाराचे गाव आहे. एका बाजूला गंगाखेड, दुसऱ्या बाजूला अहमदपूर, आणि भोवती बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील वाड्या-तांडे. बाजाराच्या दिवशी एका पारावर उच्चारलेला शब्द संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत पोहोचतो. मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, सोसायटीचे थकलेले कर्ज, मुलाचे शिक्षण यांपैकी काहीतरी निकड असल्याखेरीज येथील कोरडवाहू शेतकरी जमिनीस हात लावीत नाही. 'अमक्याने जमीन विकायला काढली' हे कळताच देणेकरी दारात येऊन उभे राहतात, ठरत आलेली सोयरीक मोडते, आणि गरज ओळखून गिऱ्हाईक भाव पाडते.

म्हणून ज्याच्या पोटात गोष्ट राहते, त्याच्याचकडे लोक येतात. नव्या मध्यस्थास आपण फार व्यवहार हाताळतो असे दाखविण्याचा मोह होतो. तो चारचौघांत नावे घेऊन बोलतो, आणि मग त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर लोक दागिने आणि ठेवी का ठेवीत, तर ती गोष्ट पेढीच्या उंबऱ्याबाहेर जात नसे. तोच गुण येथे उपयोगी पडतो. पहिल्या वर्षी आपण किती माणसे जोडली यापेक्षा किती माणसांची गुपिते सांभाळली, हा हिशेब महत्त्वाचा मानावा.

तिसरी अडचण : कागदांचे अरण्य

आता मी मुख्य विषयाकडे वळतो. गिऱ्हाईक आणणे हे मध्यस्थाचे अर्धे काम आहे. जी जमीन विकली जात आहे ती विकण्यायोग्य आहे काय, आणि जो विकत आहे त्यास तिचा अधिकार आहे काय, हे पाहणे ही त्याची खरी कसोटी होय.

बहुतेक नवखे तरुण सात-बारा उतारा पाहून निश्चिंत होतात. सात-बारा हा प्राधान्याने महसुली कामासाठी ठेवलेला अधिकार अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ अन्वये त्यातील नोंदी खऱ्या असल्याचे गृहीत धरले जाते, परंतु हे गृहीतक विरुद्ध पुराव्याने खोडता येते. केवळ फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे संगणकावर मिळू लागले, ही मोठी सोय झाली. तथापि स्वाक्षरी डिजिटल झाली म्हणून तीस-चाळीस वर्षांपूर्वी चुकलेली नोंद आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणून चालू उताऱ्याबरोबर जुने उतारे, त्यांवर दर्शविलेले सर्व फेरफार, आठ-अ, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनचा तीस वर्षांचा शोध, हे सारे पाहावे. शोधाचे काम अनुभवी वकिलाकडून करून घ्यावे. तो खर्च कोणी करावयाचा, हे बोलणीच्या आरंभीच ठरवून घ्यावे.

आपल्या मराठवाड्याची यात एक विशेष अडचण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यामुळे येथील जुनी महसुली दप्तरे उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत. १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक हा येथील जमिनींच्या इतिहासाचा एक मोठा आधार मानला जातो. पश्चिम महाराष्ट्रात छापलेली मार्गदर्शक पुस्तके वाचून आपल्याकडील जमिनीचा उलगडा होत नाही. कारण तेथील कूळकायदा वेगळा आणि आपल्याकडे लागू असलेला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० वेगळा. कुळाच्या हक्काने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर या कायद्याच्या कलम ५०-ब अन्वये निर्बंध आहेत. पुढे झालेल्या दुरुस्तीने, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरून विक्रीची वाट काही अटींवर मोकळी झाली. परंतु हा नजराणा भरल्याची पावती आणि त्याची नोंद पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

तसेच याच कायद्याच्या कलम ४७ मुळे, शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन विकत घेता येत नाही. नोकरदार गिऱ्हाईक नांदेडहून वा पुण्याहून येते, पैसे तयार असतात, पण त्याच्या नावावर कोठेही शेतजमीन नसते. अशा वेळी 'काहीतरी करू' असे सांगणारा मध्यस्थ त्याचे पैसे आणि विकणाऱ्याची जमीन या दोहोंनाही धोक्यात घालतो.

'वर्ग दोन' आणि इतर हक्काचा रकाना

उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे शब्द दिसले की थांबावे. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. सीलिंगमध्ये मिळालेली जमीन १९६१ च्या कायद्याच्या कलम २९ ने बांधलेली असते. देवस्थान इनाम, वक्फ, गायरान, आदिवासी बांधवांची जमीन, यांस स्वतंत्र निर्बंध आहेत. या जमिनी लोक कसतात, त्यांवर विहिरी असतात, तीन-तीन पिढ्यांचा ताबा असतो, भावही थोडा कमी सांगितला जातो. नवख्यास तो मोठा लाभाचा व्यवहार वाटतो. प्रत्यक्षात घेणाऱ्याच्या हाती जमीनही राहत नाही आणि पैसाही राहत नाही.

'इतर हक्क' हा रकाना बारकाईने वाचावा. बँकेचा वा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, बहिणीचे नाव, विहिरीतील हिस्सा, न्यायालयाचा मनाई हुकूम, हे सारे तेथे आढळते. भूसंपादनाचीही चौकशी करावी. जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आणि नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग यांच्या आखणीत परभणी जिल्ह्याचे नाव आल्यापासून या भागातील जमिनींविषयी अनेक वावड्या उठल्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ (४) प्रमाणे, प्रारंभिक अधिसूचना निघाल्यानंतर त्या जमिनीचा व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या विशेष परवानगीवाचून करता येत नाही. 'येथून रस्ता जाणार आहे, भाव तिप्पट होईल' असे सांगून जमीन विकणारा मध्यस्थ, नकाशा हाती नसताना, दुसऱ्याच्या पैशाने जुगार खेळत असतो.

बहिणींच्या सह्या

आता एक नाजूक विषय. समजा, वडील वारले, सात-बारावर तीन भावांची नावे लागली, दोन बहिणी सासरी आहेत. भाऊ म्हणतात, 'बहिणींचे काही म्हणणे नाही.' असे व्यवहार आपण सर्वांनी पाहिले आहेत. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा हक्क तिला जन्मानेच प्राप्त होतो, आणि २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही.

म्हणून बहिणींची सही, अथवा त्यांनी स्वखुशीने नोंदवून दिलेले हक्कसोडपत्र, यांवाचून व्यवहार पुढे नेऊ नये. ही सही घेण्यास मध्यस्थाने स्वत: जावे आणि त्या भगिनीस, तिच्या घरच्यांसमक्ष, आपण कशावर सही करीत आहोत हे समजावून सांगावे. 'नुसते निशाणी अंगठा द्या' असे सांगून घेतलेली सही दहा वर्षांनी न्यायालयात उभी राहते. आपण माहेर आणि सासर या दोन्ही घरांच्या ओळखीचे असतो. ती ओळख आपल्या हातून विटू नये. वारसांत अज्ञान बालक असल्यास १९५६ च्या पालकत्व कायद्याचा सल्ला घ्यावा. अज्ञानाच्या स्वतंत्र मालकीची मिळकत विकण्यास न्यायालयाची परवानगी लागते.

जमिनीवर प्रत्यक्ष जावे

कागद चोख असूनही भांडणे होतात, ती हद्दीवरून आणि रस्त्यावरून. उताऱ्यावर दोन हेक्टर आणि प्रत्यक्ष ताब्यात पावणेदोन, हे आपल्याकडे नवल नाही. म्हणून व्यवहारापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत हाती ठेवावी. चतु:सीमा लिहिताना शेजाऱ्यांस बोलवावे. ज्या बांधावरून बैलगाडी जाते तो बांध कोणाचा, हे त्याच दिवशी विचारावे. वहिवाटीचा रस्ता अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, नवा रस्ता हवा असल्यास संहितेच्या कलम १४३ चा आधार आहे. परंतु हे उपाय वेळखाऊ आहेत. रस्ता नसलेली जमीन 'रस्ता आहे' म्हणून विकणे हा फसवणुकीचाच प्रकार होय.

लहान तुकड्यांबाबत विशेष सावध असावे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० गुंठे आणि बागायतीस १० गुंठे झाले. त्यानंतरही या विषयात शासनाचे अनेक निर्णय आले. यास्तव 'दोन गुंठे, पाच गुंठे' असे शेतातले प्लॉट विकण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच बोलावे. मागच्या वर्षीच्या नियमावर यंदाचा शब्द देऊ नये.

गावठाणातील घरांचीही तीच गोष्ट. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा दाखला नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. ज्या गावी त्या झाल्या आहेत, तेथे त्या अवश्य पाहाव्यात. केवळ मुखत्यारपत्रावर जागा विकत घेण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजीच सांगितले आहे की, मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. नोंदणीकृत खरेदीखत हाच मार्ग होय.

चौथी अडचण : नोंदणी आणि परीक्षा

शेतजमिनीच्या साध्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करण्यास वेगळा परवाना लागत नाही. परंतु गंगाखेड, परभणी यांसारख्या शहरांत प्लॉटिंगच्या वा सदनिकांच्या प्रकल्पात काम करावयाचे असल्यास २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्यास आपण 'रेरा' म्हणतो, तो लागू होतो. नियोजन क्षेत्रातील पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक भूखंडाच्या वा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे करावी लागते, आणि अशा प्रकल्पातील विक्रीत सहभागी होणाऱ्या मध्यस्थासही कलम ९ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. ती पाच वर्षांसाठी मिळते. १ जानेवारी २०२४ पासून महारेराने मध्यस्थांस प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याचे प्रमाणपत्रही आवश्यक केले आहे. नोंदणी न करता काम केल्यास कलम ६२ खाली दिवसाला दहा हजार रुपये, आणि एकूण मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीस पात्र असूनही नोंदणी न झालेल्या प्रकल्पातील प्लॉट विकण्यास मदत करणे हाही दोष आहे.

काही तरुण या परीक्षेची भीती बाळगतात. माझे मत उलट आहे. कोणी ही विद्या शिकवावी याची सोय आपल्या आधीच्या पिढीस नव्हती. ज्यास पुढे शहरात जाऊन हाच व्यवसाय करावयाचा आहे, त्याने आरंभीच प्रमाणपत्र मिळवावे.

पाचवी अडचण : पैसा आणि विश्वास

व्यवहाराच्या मध्यभागी असलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचा पैसा येतो, आणि येथेच अनेकांची घसरण होते. इसाराची रक्कम मध्यस्थाने आपल्याकडे ठेवू नये. ती घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे थेट, बँकेमार्फत, जावी आणि इसारपावतीवर मुदत, उर्वरित रक्कम, बोजा कोणी फेडावयाचा, मोजणी कोणी करावयाची, हे स्पष्ट लिहावे. आयकराच्या २०१५ पासूनच्या तरतुदीप्रमाणे स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे, काही अपवाद वगळता, दंडास पात्र आहे. 'कागदावर इतके आणि हातात इतके' असे सुचविणारा मध्यस्थ दोन्ही पक्षांस अडचणीत लोटतो.

दलालीही बोलणीच्या आरंभीच लिहून घ्यावी. तिचा दर कायद्याने ठरविलेला नाही, तो उभयतांच्या संमतीचा विषय आहे. व्यवहार जुळत आला की दोन्ही बाजू परस्पर भेटतात आणि मध्यस्थास वगळतात, ही नव्या माणसाची नेहमीची तक्रार. तीवर लेखी करार हाच उपाय. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २१९ सांगते की, वेगळा करार नसल्यास काम पूर्ण होईपर्यंत मेहनताना देय होत नाही. कलम २२० सांगते की, गैरवर्तन करणाऱ्या प्रतिनिधीस त्या कामाचा मेहनताना मागता येत नाही. आणि कलम २१६ प्रमाणे, प्रतिनिधीने मालकास अंधारात ठेवून स्वत:च व्यवहार केला, तर त्याचा लाभ मालक मागू शकतो. विकणाऱ्यास एकरी आठ लाख सांगावयाचे, घेणाऱ्याकडून दहा घ्यावयाचे आणि मधले दोन गिळावयाचे, या प्रकारास काही लोक हुशारी म्हणतात. कायदा तिला हुशारी म्हणत नाही.

आणि आपला धर्मही म्हणत नाही. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार आपल्या शास्त्रांत सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख तयार करणे आणि 'न्यासापहार' म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू बळकावणे, हे दोन आहेत. शेकडो वर्षांपूर्वी सांगितलेले हे दोष आजच्या जमीन व्यवहारावर नेमके बोट ठेवतात. मागील तारखेचा मुद्रांक, मृताच्या नावाचा अंगठा, दडवून ठेवलेला फेरफार, ही कूटलेखक्रिया. आपल्याकडे ठेवलेला इसार वेळेवर न देणे, हा न्यासापहार. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. व्यवसायाचे पहिले पथ्य म्हणून सांगतो.

सावकारीपासून दूर राहावे

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. निकडीच्या माणसास मध्यस्थ पैसे देतो आणि तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत करून घेतो, असे प्रकार घडतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ अन्वये, सावकारीच्या ओघात कर्जाचे तारण म्हणून घेतलेले असे खत अवैध घोषित करून जमीन मूळ मालकास परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हाही आहे.

इतिहासही ध्यानात ठेवावा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. रोष मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता, आणि जमावाने सर्वांत आधी कर्जरोखे व दस्तऐवज हस्तगत करून जाळले. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारने कायदा केला आणि शेतकऱ्यांचे दस्त अधिकाऱ्यासमोर नोंदविण्याची व्यवस्था झाली. निरक्षर माणसाकडून न समजता घेतलेल्या सहीने किती द्वेष साचतो, याचे हे उदाहरण आहे. व्यापारी समाजाने ते विसरू नये. आपण या गावात संख्येने थोडे आहोत. एका तरुणाने केलेल्या एका खोट्या व्यवहाराचे बोल सर्वांच्या दुकानांपर्यंत पोहोचतात, आणि एकाने राखलेल्या सचोटीचा लाभही सर्वांस मिळतो.

आरंभ कसा करावा

आता थोडक्यात आरंभाची रीत सांगतो. पहिले सहा महिने स्वत: व्यवहार न करता एखाद्या जाणत्या दस्तलेखकाबरोबर वा वकिलाबरोबर बसावे. आपल्याच घरच्या जमिनीचा, नसल्यास मित्राच्या घरच्या जमिनीचा, पहिल्या फेरफारापासून आजपर्यंतचा इतिहास कागदावर लिहून काढावा. हा एक अभ्यास दहा पुस्तकांच्या बरोबरीचा आहे. तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि मंडळ अधिकारी यांच्या कार्यालयातील पद्धत समजून घ्यावी. खरेदीनंतर फेरफाराची नोंद, हितसंबंधितांस नोटीस, हरकतीची मुदत आणि मग प्रमाणीकरण, हा क्रम पाठ असावा. खरेदीखत झाले म्हणजे मध्यस्थाचे काम संपले असे समजू नये. घेणाऱ्याच्या नावाचा सात-बारा त्याच्या हाती पडेपर्यंत त्याने मागे राहावे. पुढचे गिऱ्हाईक तेथूनच येते.

एक वही ठेवावी. तीत प्रत्येक जमिनीचा गट क्रमांक, पाहणीची तारीख, पाहिलेले कागद, आढळलेला दोष आणि तो कोणास सांगितला, हे लिहावे. दोष दोन्ही बाजूंस सांगावा. व्यवहार मोडला तरी चालेल. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण म्हणतो. मध्यस्थाने त्यापुढे जाऊन, आपल्यामुळे दुसऱ्यासही ती चढावी लागू नये, हे पाहावे.

घेणारा चुकीच्या व्यवहाराने आयुष्याची पुंजी गमावतो. विकणारा तर बहुधा आपली शेवटची जमीन विकत असतो. त्याच्या हाती येणारा पैसा मुलीच्या लग्नात वा दवाखान्यात जाणार असतो. त्यास योग्य भाव मिळाला आणि एका बैठकीत पूर्ण पैसे मिळाले, तर त्याचा उरलेला संसार सावरतो. मध्यस्थाने आणखी एक प्रश्न त्यास अवश्य विचारावा : सगळीच विकणे आवश्यक आहे काय? दोन एकरांनी भागत असेल तर चार विकू नयेत. असा सल्ला देणाऱ्याची दलाली त्या दिवशी निम्मी होते, हे खरे. परंतु पंचक्रोशीत अशा माणसाचे नाव लोक आपण होऊन घेतात.

विश्वस्तांस एक विनंती

शेवटी विश्वस्त मंडळास एक नम्र सूचना करतो. ट्रस्टच्या वाचनालयात एक कपाट या विषयास द्यावे. त्यात जमीन महसूल संहिता, हैदराबाद कूळवहिवाट अधिनियम, तुकडेबंदीचे नियम आणि इसारपावतीचा एक निर्दोष नमुना ठेवावा. महिन्यातून एक दिवस समाजातील एखाद्या वकिलाने वा निवृत्त महसूल कर्मचाऱ्याने तेथे बसावे आणि कोणत्याही जातिधर्माच्या शेतकऱ्यास त्याचा सात-बारा विनामूल्य समजावून सांगावा. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. एक-दोन तरुणांनी या लिपी शिकल्यास गावावर उपकार होतील आणि त्यांस चरितार्थाचे साधनही लाभेल. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून याहून उपयुक्त काम मला सुचत नाही.

तरुण मित्रांनो, या व्यवसायात अडचणी आहेत, तशी प्रतिष्ठाही आहे. घाई करू नका. वाचल्यावाचून बोलू नका, पाहिल्यावाचून सांगू नका, आणि लिहिल्यावाचून पैसा हलू देऊ नका. एवढी पथ्ये पाळलीत, तर आजोबांच्या दुकानावर जो विश्वास लोक ठेवीत होते, तो आपल्या शब्दावर ठेवतील.